हिरव्या बांगड्या घालून हैदराबादला

हैदराबादला जाऊन आले म्हटलं की जो तो एकच विचारतो. बिर्याणी खाल्लीस का, चारमिनार बघितलास का, मोती आणलेस का? खाल्ली, लांबून बघितला, नाही आणले. मी तिथून आणला तो राग. सांगलीत परत येऊन पंधरवडा होत आला तरी उतरेना, म्हणून शेवटी लिहायला बसले. मी काही लेखिका नव्हे. सगळी नोकरी एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत गेली, आणि गोड बोलायची सवय तिथंच मोडली असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढं गोंधळ नको. माझे यजमान गेले त्याला काही वर्षं झाली. मी टिकली लावते, गळ्यात साधी साखळी घालते, आणि दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी सवाष्णच वाटते. वाटू दे. आल्यागेल्याला खुलासे देत बसायला मी काही चौकशीची खिडकी नाही.

तर माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी रसिका हैदराबादेत असते. तिथंच जन्मली, तिथंच वाढली, जामबागेत कॉलेज केलं, आणि आता सिनेमात कॉश्च्युम डिझायनरच्या हाताखाली काम करते. तिचा फोन आला, "मावशी, तुझ्या सासूबाईंच्या त्या इरकली नऊवारी अजून आहेत ना? सगळ्या घेऊन ये. आणि तू पण ये, नेसवायला." एका तेलुगू सिनेमात नायिकेच्या आईचं माहेर-सासर मराठी दाखवायचं होतं आणि त्या भागाचे सगळे कपडे रसिकाकडे दिले होते. "नाव येणार आहे मावशी. माझं वेगळं नाव, पडद्यावर. असिस्टंटांच्या गर्दीत नाही." किती वर्षं ही पोर दुसऱ्यांच्या नावाखाली राबत होती ते मला माहीत होतं. मी त्याच दिवशी पेटी काढली, साड्या उन्हाला टाकल्या आणि तिकीट काढलं.

विद्यानगर

स्टेशनवर न्यायला दाजी आले. म्हणजे रसिकाचे वडील. ताई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरात बापलेक दोघंच. दाजींचं घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतकरी. आजोबा निजामाचं राज्य असतानाच तिकडं आले, आणि पुढची पिढी नोकरीत शिरली. अंगात पोपटी रंगाचा टी-शर्ट, त्यावर कसलंतरी इंग्रजी. सत्तरीच्या माणसाला तो रंग शोभत नव्हता असं नाही, उलट चांगला खुलत होता.

"सुमनबाई, सामान माझ्याकडं द्या. परेशान होऊ नका उगी," म्हणाले आणि पेटी उचलायला गेले तर त्यांनाच धाप लागली. मग ती मीच उचलली.

विद्यानगरातलं त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. खाली विद्यार्थ्यांच्या खानावळी, झेरॉक्सची दुकानं, आणि जाईल तिथं परीक्षांच्या क्लासच्या पाट्या. जेवायला दाजींनी स्वतः अंबाडीची भाजी केली होती. तिला तिथं गोंगुरा म्हणतात आणि जगात फक्त आपल्याकडंच पिकते अशा थाटात वाढतात. आम्ही ती कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन खातो. त्यांनी मिरची अशी घातली होती की माझे कान गरम झाले. भाकरी मात्र उदगीरची, पातळ, टम्म फुगलेली. बाई गेल्यावर पुरुष शिकतात, हे बघून बरं वाटलं आणि ताईची आठवण येऊन वाईटही वाटलं.

जेवणानंतर मी पेटी उघडली. प्रत्येक साडीवर मी चिठ्ठी टाचली होती, कोणाची, कुठला रंग, कधी नेसायची. रसिका एकेक अक्षर लावत वाचायला लागली. "डा... ळिं... बी. मावशी, डाळिंबी म्हणजे?" मी कपाळावर हात मारला. बोलते झकास, पण मराठी वाचताना गाडी खड्ड्यातून चालल्यासारखी. मी डाळिंबाचा दाणा डोळ्यांपुढं आण म्हणाले, तेव्हा उमगलं.

ती डाळिंबी इरकल माझ्या सासूबाईंची. सासरे तरुणपणीच गेले. सासूबाई त्यानंतर कितीतरी वर्षं जगल्या, शेत बघितलं, चार पोरं वाढवली, आणि ती डाळिंबी साडी नेसूनच बाजारला गेल्या. कपाळ मोकळं ठेवलं, पण रंग सोडला नाही. आमच्याकडं तसंच होतं. पांढरं नेसणाऱ्याही कुठं कुठं असतील, मी नाही म्हणत नाही; आमच्या वस्तीत मी पाहिली नाही.

स्टुडिओ

दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला आली. शहर संपलं की तिकडं काळेभोर धोंडे लागतात, घरांएवढे, एकावर एक ठेवलेले, पडतील असं वाटावं आणि पडत मात्र नाहीत. आता ते फोडून इमारती बांधताहेत. ते बघून हळहळ वाटली. त्या धोंड्यांच्या पलीकडं स्टुडिओ, आणि त्यात आमचं "मराठी घर". प्लायवूडचं. तुळशीवृंदावन भगव्या रंगाचं, दारावर "शुभ वीवाह", आणि अंगणात तेलुगू पद्धतीची ठिपक्यांची रांगोळी. रांगोळी सुरेख होती, तिला मी काही बोलले नाही. वीवाह मात्र पुसायला लावला.

मुख्य डिझायनरचं नाव किरण. हैदराबादचाच, पस्तिशीचा, चष्मेवाला. पोरगा वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगावं लागतंय. मला खुर्ची दिली, चहा मागवला, सासूबाईंच्या साड्या देवघरातल्या वस्तूसारख्या हाताळल्या. त्याच्या खोलीत भिंतभर एक फळा होता आणि त्यावर कापडाचे तुकडे टाचलेले. सिनेमातल्या एकेका माणसाला एकेक रंग. नायकाला निळा, भरवशाचा म्हणून. नायिकेला पिवळा, अल्लड म्हणून. खलनायकाला काळा. श्रीमंत आत्याबाईला जांभळा. आणि नायिकेच्या आईच्या नावापुढं तुकड्यांची रांगच. आधी डाळिंबी, मग गुलाबी, मग फिकट गुलाबी, मग राखी, आणि शेवटी पांढरा.

"हे काय?" मी विचारलं.

"मैडम, ये विधवा होती ना. तो रंग धीरे धीरे निकाल लेने का," किरण म्हणाला.

"कुणी काढून घ्यायचा?"

त्याला प्रश्न कळला नाही. रसिकानं माझ्या पायावर पाय दिला. मी तरीही सांगितलं, की बाबा, काळी चंद्रकळा आम्ही नव्या नवरीला संक्रांतीला नेसवतो, हौसेनं, वर हलव्याचे दागिने घालून. तुझ्या फळ्यावर ती खलनायिका होईल. डोहाळजेवणाला हिरवी साडी, ओटीत हिरवा खण, हातात हिरवा चुडा. या तुझ्या मराठी घरात हिरवा आहे कुठं?

तो हळू आवाजात म्हणाला की हिरवा जास्त दिसला तर लोकांना वाटेल घर मुसलमानाचं आहे. बांगड्यांपुरता चालेल.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सांगलीत मला बांगड्या भरणारे मण्यार चाचा मुसलमान. त्यांच्याच आईनं माझ्या लग्नात चुडा भरला, "सुखी रहा गं लेकी" म्हणाल्या आणि बांगड्यांना नमस्कार करायला लावला. रंगावरून घर ओळखायची ही अक्कल त्यांना कधी सुचली नाही.

"आणि विधवेला पांढरं कशाला? आमच्याकडं नव्हतं तसं."

आणि इथं खरी मेख आहे. मला वाटलं होतं पोराला माहीत नसेल. पण त्याला सगळं माहीत होतं! ब्राह्मणांतलं लाल आलवण माहीत, शेतकऱ्यांतली गडद लुगडी माहीत, जुने फोटो गोळा केलेले. "मालूम है मेरेकू, मैडम. पूरा पढ़ा मैं. पन ऑडियन्स कू दो सेकंद में समझना होना. वाइट दिखा तो खलास, समझ गए."

अडाणी माणसावर रागावून काय करायचं, त्याला शिकवता येतं. सगळं ठाऊक असून खोटं दाखवणाऱ्याला काय शिकवणार? मी गप्प बसले. रसिकाच्या नावासाठी गप्प बसले, नाहीतर त्या फळ्याचं काही खरं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर पूजा सुरू झाली. तिकडं नव्या सेटवर काम सुरू करताना नारळ फोडतात, दिवा लावतात. निर्मात्याच्या सौभाग्यवती सिल्कची साडी नेसून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मुत्तैदुवा कुठं आहे? म्हणजे सवाष्ण. दिवा तिच्या हातून लावायचा. किरणनं माझ्या बांगड्यांकडं बोट केलं. "ये हैं ना! मराठी मैडम. इनों से ही लगवाओ, घर इनों का है."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रसिका घाईनं बोलली, "हौ हौ, मावशीच लावेल. काका तिकडं सांगलीला असतात."

काका सांगलीला असतात! असतात खरे, फोटोत. पण बाईंनी काडेपेटी माझ्या हातात दिली होती, सगळे हात जोडून उभे होते, आणि दिव्याचा काय दोष? मी दिवा लावला. वात चांगली पेटली. दिवसभर मग मी पदर खोचून नऊवारी नेसवत होते, निऱ्या घालत होते, काष्टा ओढत होते, पण रसिकाशी एक शब्द बोलले नाही.

बेगम बाजार

दुसऱ्या दिवशी शूटिंगला सुट्टी होती आणि हळदी-कुंकवाच्या दृश्यासाठी सामान हवं होतं, म्हणून रसिका मला बेगम बाजारात घेऊन गेली. काय तो बाजार! आपल्याकडं मार्केट यार्डात गोण्या दिसतात, पण तिथं गल्लीच गोण्यांची. एका दुकानात नुसती हळद, एकात सुंठ, एकात तमालपत्र, एकात नुसत्या पितळी समया टांगलेल्या. हातगाडीवाले "बाजू बाजू" करत अंगावरून जातात. कुंकवाचे ढीग असे की त्यांच्याकडं बघून डोळे दिपावेत. इतकं कुंकू एका जागी बघितल्यावर मला आतल्या आत कुठंतरी चिडच आली. विकताना कुणी विचारत नाही, ताई, साहेब आहेत ना?

रसिका अत्तरदाणी बघत होती. मी तिला तिथंच धरलं.

"काका सांगलीला असतात काय गं? पत्ता देऊ का तुला? अमरधाम!"

"मावशी, इथं नक्को ना," ती म्हणाली.

"इथंच. तिथं तू बोलू देत नाहीस. लाज वाटली माझी?"

"लाज नाही गं! तुला माहीत नाही ती लोकं. पहिला दिवस. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तुला उठवून कोपऱ्यात बसवलं असतं. सगळ्यांसमोर. प्रेमानं बोलत, 'अम्मा, इधर बैठो' म्हणत. तुझ्या साड्यासुद्धा नको म्हणाले असते. मला नव्हतं बघायचं ते."

"म्हणून माझा नवरा जिवंत केलास."

"एका दिव्यापुरता."

"माझ्यापुरता तो रोज मेलेला असतो, ते?"

आम्ही उभ्या होतो ते नेमकं मिरच्यांच्या दुकानासमोर. कुणीतरी गोणी आपटली, लाल धुरळा उठला, आणि दोघींना असा ठसका लागला की बोलता येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुकानदारानं घाबरून पाण्याची बाटली दिली आणि रसिकाला म्हणाला, "अम्मी कू रुलाओ मत, बेटी." ती "मावशी आहे" म्हणेपर्यंत पुन्हा ठसका. एरवी हसून गडबडा लोळले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

तिचं म्हणणं मला कळत होतं. तिला मला वाचवायचं होतं. पण मी नाही तशी दाखवली गेले तरच माझा मान राहणार असेल, तर तो मान कुणाचा झाला? माझा नक्कीच नाही. हे मी तिला रिक्षात सांगितलं. ती रस्त्याकडं तोंड करून बसली होती. "नाव येऊ दे एकदा," एवढंच म्हणाली, "मग मी सगळ्यांना सांगेन."

पुन्हा स्टुडिओ

हळदी-कुंकवाचं दृश्य छान झालं. खोटं कशाला बोलू? आईचं काम करणारी नटी माझ्या सासूबाईंच्या डाळिंबी इरकलीत अशी दिसली की दिग्दर्शकसुद्धा उठून उभा राहिला. माझा ऊर भरून आला आणि लगेच जळला. ज्या साडीत त्या माउलीनं सगळं वैधव्य काढलं, ती इथं सवाष्णीची साडी म्हणून झळकत होती, आणि नवरा मेल्याबरोबर ती उतरवून पांढरं नेसवायचं ठरलं होतं.

दुपारनंतर तो प्रसंग. नवरा गेल्याची बातमी येते आणि बायका आईच्या बांगड्या फोडतात. कॅमेरा अगदी हातांजवळ. नटीचे हात मऊसूत, नखं रंगवलेली, आणि काच लागेल म्हणून ती हात पुढं करायला तयार नव्हती. तिचंही बरोबरच होतं. किरण इकडं तिकडं बघत होता. त्याची नजर माझ्यावर आली. त्यानं माझा हात हातात घेतला, उजेडाकडं वळवला आणि दिग्दर्शकाला ओरडून म्हणाला, "सर, ये हाथ देखो!"

मग माझ्याकडं वळून, अगदी आर्जवानं, "मैडम, सिर्फ हाथ. चेहरा नहीं दिखता. चूड़ियाँ भी आप की असली हैं. एक बात बोलो, आप लोगों में किस पे फोड़ते? दीवार पे या पत्थर पे?"

आता मी जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हे गेले त्या दिवशी घरात बायका जमल्या. चुलत जाऊबाईंनी वरवंटा आणला. ताई हैदराबादहून रात्रभर बसमधून येऊन दारात उतरली होती, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली, माझी दोन्ही मनगटं हातात घेतली, आणि जाऊबाईंना म्हणाली, "आधी माझ्या फोडा." तिचा नवरा तर मागंच उभा होता, धडधाकट. सवाष्णीच्या बांगड्या कोण फोडणार? जाऊबाई वरवंटा घेऊन उभ्या राहिल्या, मग गेल्या. ताई माझे हात धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. रसिका तेव्हा कॉलेजात होती, आईबरोबरच आलेली. तिनं हे सगळं बघितलं होतं.

मी रसिकाकडं बघितलं. ती पांढरी साडी हातात धरून उभी होती, इस्त्री केलेली. मान खाली.

"मला माहीत नाही कशावर फोडतात," मी म्हणाले. "माझ्या कुणी फोडल्या नाहीत."

किरण हसला. "आप की कायकू फोडते मैडम, साहब तो..."

"साहेब वारले. मी विधवा आहे."

कुणीतरी तेलुगूत काहीतरी पुटपुटलं. किरणचा चेहरा खर्रकन उतरला आणि तो बोलू नये ते बोलला, "पन आप वैसे दिखते नहीं, मैडम."

"वैसे म्हणजे कैसे रे बाबा? तुझ्या फळ्यासारखी? राखी, मग पांढरी?" माझा आवाज चढला होता, चढू दिला. "एक सांग. तुझ्या गोष्टीत नायिकेचे आजोबा आहेत, त्यांची बायको मेलेली आहे. त्यांच्या नावापुढं कुठला तुकडा आहे?"

"चेक्स का शर्ट है," तो गोंधळून म्हणाला. "जेंट्स लोगों का वैसा कुछ नहीं रहता, मैडम."

"तेच म्हणते मी! हिची आई गेली, हिचे वडील पोपटी टी-शर्ट घालून मला स्टेशनवर घ्यायला आले. चांगले दिसत होते. त्यांना बघून कुणाला दोन सेकंदात कळलं, यांची बायको मेली म्हणून? आणि कळायला कशाला पाहिजे?"

यावर तो काही बोलला असता कदाचित. पण निर्मात्याच्या माणसाला तेवढ्यात दिवा आठवला. पहिल्या दिवशीचा दिवा यांनी लावला! झालं. कुजबुज सुरू झाली, फोन झाला, सौभाग्यवतींचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. पहिल्या दिवसापासून आजवर सेटवर जे जे बिघडलं होतं, लाइट गेली, नटीला ताप आला, सगळं त्या दिव्याच्या खात्यावर जमा झालं. वात तर केवढी छान पेटली होती, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

किरणनं रसिकाला बाजूला घेतलं, पण इतकंही बाजूला नाही की मला ऐकू येऊ नये. "तेरेकू मालूम नहीं था ना? बोल दे, मालूम नहीं था. मैं संभाल लेता."

त्यानं तिला वाट काढून दिली होती. तिनं मान हलवली असती तर सगळा दोष माझ्यावर आला असता, आणि मला तो चालला असता. खरंच सांगते, त्या क्षणी मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण गं, माहीत नव्हतं म्हण, घे तुझं नाव आणि मोकळी हो.

"मालूम था," रसिका म्हणाली. "मीच खोटं बोलले. माझ्या आईनं हिच्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत, मी तिथं होते. आणि सर, ये वाइट मैं नहीं पहनाती. ते डाळिंबीच राहू द्या, नाहीतर माझं नाव काढा."

तिनं ती पांढरी साडी खुर्चीवर ठेवली. फेकली नाही, घडी न मोडता ठेवली.

नाव काढलं. त्यांना काही जड गेलं नाही. दुसरी कुणी मुलगी आली, ज्युनियर आर्टिस्टांतल्या एका बाईच्या हातात बांगड्या भरल्या, त्या फोडल्या, नटीला पांढरं नेसवलं आणि पुढच्या दृश्याची तयारी सुरू झाली. डाळिंबी इरकल अजून तिकडंच आहे, कारण ती पडद्यावर आली आहे आणि पुन्हा लागेल म्हणे. सिनेमा येईल, लोक दोन सेकंदात समजून घेतील आणि पॉपकॉर्न खातील. किरण आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. "सॉरी, मैडम," म्हणाला, आणि मला वाटतं मनापासून म्हणाला. पण फळा तसाच होता.

परतताना रसिका रडली. मी तिला जवळ घेतलं, पण खोटं बोललीस ते बरं झालं असं काही म्हणाले नाही.

शुक्रवार

श्रावणातला शुक्रवार होता. माझी गाडी संध्याकाळची. श्रावणात तिकडं शुक्रवारी वरलक्ष्मीचं व्रत करतात. आपल्या हळदी-कुंकवासारखंच, पण कुंकू लावण्याआधी आलेल्या बाईच्या पायांना हळद लावतात आणि ओटीऐवजी विड्याबरोबर भिजवलेले हरभरे देतात. वरच्या मजल्यावरच्या काकू बोलवायला आल्या. साठीच्या, केसांत गजरा, तळपाय हळदीनं पिवळेधमक. त्यांना हिंदी अजिबात येत नाही. त्यांनी रसिकाला बोलावलं, मग माझ्या बांगड्या बघून हसून मलाही हात केला.

मी मागं सरकले. पुन्हा तेच नाटक आता मला झेपणार नव्हतं. दाजी पेपर खाली ठेवून आमच्याकडं बघायला लागले.

रसिकानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि काकूंशी तेलुगूत बोलली, सावकाश, मुद्दाम स्पष्ट. "मा पिन्निगारि भर्त लेरु." मला त्यातला 'भर्त', म्हणजे नवरा, तेवढा कळला. बाकीचं कळायची गरज नव्हती.

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं, मग हातांकडं, मग बराच वेळ चेहऱ्याकडं. जिन्यात वरून बायकांचे आवाज येत होते. मग त्या एकच शब्द बोलल्या.

"रंडि."

माझ्या अंगाची लाही झाली. चार दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "कुणाला म्हणता हो रांड?" मी ओरडलेच. "तोंड सांभाळून बोला! विधवा आहे म्हणून दारात येऊन..."

"मावशी, मावशी!" रसिका मध्ये पडली. दाजीही उठून आले. "अगं, तेलुगूत रंडि म्हणजे 'या'! 'या' म्हणतात त्या. आदरानं बोलवतात तसं!"

दाजींच्या घरात सगळं मराठी, सेटवर सगळे माझ्याशी हिंदीत. थेट तेलुगूत माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं. मी तशीच उभी राहिले, हात वर उगारलेला. काकूंना माझं मराठी कळलं नव्हतं, पण राग कळला असणार. त्या मागं गेल्या नाहीत. त्यांनी माझा तो उगारलेला हात, बांगड्यांसकट, आपल्या हातात घेतला आणि जिन्याकडं वळल्या.

"रंडि, अम्मा," म्हणाल्या. "रंडि."

मी गेले.